खारं इंजिन

१

इंजिन ऐकायचं तर तोंड बंद ठेवावं लागतं. आमच्या गावच्या पुरुषांना ते कधी जमलं नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

मी गिरजाबाई. वय एकाहत्तर. शाळेची पायरी चढलेली नाही. आकडे शिकले ते बार्जच्या इंजिनावरच्या पट्ट्या पुसता पुसता, आणि अक्षरं शिकले ती ट्रकांच्या पाठी लिहिलेली वाचून. माझा नवरा केरू धरमतरच्या जेट्टीवर बार्जचं इंजिन सांभाळायचा. पंचेचाळिशीत त्या इंजिनानं त्याचे दोन्ही कान खाल्ले. कंपनीला कळलं असतं तर त्याला काढलाच असता. मग डबा द्यायच्या निमित्तानं मी जायची, पितळेची दीड हाताची सळई एका टोकानं इंजिनाला टेकवायची, दुसरं टोक कानामागच्या हाडाला लावायची आणि कुठे काय दुखतंय ते त्याला बोटांनी सांगायची. अकरा वर्षं त्या बार्जचा खरा मिस्त्री मी होते. पगार केरूच्या नावानं यायचा.

केरू गेला, सळई राहिली. पेणच्या आसपास कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला की आधी माझ्याकडे येतो. हमरापूरचे गणपतीवाले मूर्ती न्यायचा टेम्पो माझ्या कानाखालून गेल्याशिवाय घेत नाहीत. मी त्याचा एक नारळ घेते, बाकी काही नाही. तीस वर्षांत माझा शब्द एकदाही खोटा पडला नव्हता. हे मी फुशारकीनं सांगते आहे. कमावलेलं आहे, का सांगू नये?

माझे नियम तीन. इंजिन थंड हवं, कारण गरम केलेलं इंजिन आपलं दुखणं लपवतं. म्हणून आधी हात लावून बघायचं. दुसरं, चालू होतानाचा पहिला श्वास ऐकायचा. तिसरं, मालक बोलत असेल तर त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात रिझवाना मला घेऊन रोह्याकडच्या निडीला गेली. रिझवाना आमच्या गावच्या मोहल्ल्यातली. नवरा झुबेर मस्कतला असतो. तिला शाळेच्या पोरांसाठी व्हॅन घ्यायची होती. खाडीकाठच्या तीन गावांतली अकरा पोरं, तिची स्वतःची अक्सा धरून, पेणच्या शाळेत न्यायची आणि दुपारी आणायची. शाळेनं तिला फेरी देऊ केली होती, गाडी तिनं आणायची होती.

व्हॅन पांढरी होती. विकणारा धनेश रोह्याला कंपनीत शिफ्ट करणारा, पस्तिशीचा, गोड बोलणारा.

"घरची गाडी हाय, आजी. एका हातची. इंजिनाला अजून पाना लागलेला नाय."

अशा व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली. हात लावला. थंड होतं. जरा जास्तच थंड होतं, पण सकाळची वेळ होती. बोल्टांच्या खाचांत पांढरं काहीतरी धरलं होतं. अंगठ्यानं खरवडलं आणि पदराला पुसलं. मग सळई लावली. धनेशनं चावी फिरवली.

स्वच्छ आवाज. कुठे खरखर नाही, कुठे ठोका नाही. इतका स्वच्छ आवाज मी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता.

"घे गो," मी रिझवानाला म्हटलं. "या इंजिनाचा शब्द मी देते."

कागदावर 'जशी आहे तशी' असं लिहून दोघांनी सह्या केल्या. परत येताना तिनं वडखळला मला उसाचा रस पाजला.

२

दीड महिन्यानं रिझवाना माझ्या ओट्यावर आली. चप्पल न काढता खालीच उभी राहिली.

"मावशी, गाडीत पाणी येतंय."

"रेडिएटर गळत असेल. पेणच्या हाशिम मिस्त्रीला दाखव."

"दाखवली. पाण्याची पातळी केसभरसुद्धा उतरलेली नाय. पण पायाखालच्या चटया भिजतात. सकाळी बघावं तर कोरड्या, दुपारी बघावं तर ओल्या. कधी उलटं."

"पोरांच्या बाटल्या सांडतात."

"बाटल्या काढून घेतल्या मी. सगळ्या माझ्याजवळ ठेवते."

मी उठले नाही. एवढ्याशा गोष्टीला उठायचं वय राहिलेलं नाही. पण ती जाईना.

"आणखी काय?"

"पोरं पाय वर घेऊन बसतात," ती म्हणाली.

"पोरंच ती."

"अकराच्या अकरा, मावशी. एकानं दुसऱ्याचं बघून नाय. सीटवर मांडी घालून बसतात, आणि खाली बघत नायत. अक्साला विचारलं, का गो? तर म्हणते, पाणी आलं की वर घ्यायचे ना पाय."

मग मात्र मी उठले.

व्हॅन तिच्या अंगणात चिंचेखाली उभी होती. दार सरकवलं. मधल्या सीटखालची चटई भिजून काळी झाली होती. मी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारं होतं. पोरांच्या घामाचा खारटपणा नव्हे. मी मिठागरात जन्मलेली बाई. खाडीचं पाणी, विहिरीचं मचूळ पाणी, अश्रू आणि घाम मला डोळे झाकून वेगळे सांगता येतात. हे धरमतरच्या खाडीचं पाणी होतं, आणि भरतीचं. ओहोटीच्या पाण्याला चिखलाची चव असते.

"तू खाडीच्या पाण्यात घातली होतीस का गाडी?"

"शाळेची फेरी आणि घर. बाकी कुठं नाय."

तेव्हा मला ते अंगठ्याला लागलेलं पांढरं आठवलं. निडी खाडीपासून किती आत आहे! तिथल्या गाडीच्या इंजिनात मीठ कुठून येणार? दुसऱ्या कुणीही बघितलं असतं तर लगेच विचारलं असतं, हे काय. मी नाही विचारलं. माझ्या घरात दाराच्या कडीपासून मशेरीच्या डबीपर्यंत सगळ्यावर मीठ धरतं. जन्मभर जे अंगावर आहे ते मला दिसलंच नाही. तो डोळ्यांचा दोष नव्हता, माझा होता, आणि मी तो तिथल्या तिथे रिझवानाला सांगितला.

"माझी चूक झाली, पोरी. हे इंजिन खाऱ्या पाण्यात बुडालेलं हाय."

ती चिंचेच्या बुंध्याला टेकली. "शाळेला कळलं तर माझी फेरी जाईल. झुबेरला मी काय सांगू?"

"काय नाय सांगायचं. शब्द मी दिला होता. तो मी परत घेईन, त्याच्याच दारात."

३

हाशिम मिस्त्री पेणला गॅरेज चालवतो. पन्नाशीचा, सावकाश हातांचा माणूस. त्यानं इंजिनावरच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. गाडी नावावर करताना असा छाप घेतात. कागदावर आकडे उमटले, गाडीच्या पुस्तकात होते तेच. मग त्यानं कागद आडवा धरून उन्हात तिरका केला.

"बघ, मावशी. आकड्यांच्या मागे काय दिसतं?"

मागे दुसरे आकडे होते. घासून काढलेले, तरी पुसट राहिलेले.

"इंजिन दुसऱ्या गाडीचं. वरून नंबर नवीन ठोकलाय. काम हुशारीनं केलंय."

"मग पोलिसांत देऊ या त्याला," रिझवाना म्हणाली.

"दे. पण गाडी आता कुणाच्या नावावर हाय? ठोकलेला नंबर कुणाच्या गाडीत सापडणार? आधी तुझी गाडी ठाण्यात उभी राहील. पोरांना काय पाठीवर घेऊन जाशील?"

रिझवानानं छापाचा कागद घडी करून माझ्या हातात दिला.

"ते सोड," मी म्हटलं. "इंजिन खोल. आत काय हाय ते बघू."

हाशिमनं माझ्या हातातून सळई घेतली. मी दिली नव्हती, त्यानं घेतली. बंद इंजिनाला टेकवून कान लावला. गॅरेजात तेव्हा कॉम्प्रेसर बंद होता. सकाळचे साडेसात वाजत होते. समोर दूधवाला कॅन उतरवत होता.

काही वेळानं त्यानं सळई मला परत केली. मग सीट खाली केली, अगदी हळू. आत कुणी निजलंय आणि आपण दार ओढून घेतोय, तशी.

"मी नाय खोलणार," तो म्हणाला.

"का? काय ऐकलंस?"

"काय नाय. आज हाताला काम हाय बरंच." आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ एकच पाना पुसत बसला.

मला राग आला. मोठा माणूस, तीस वर्षं इंजिनं खोललेला, आणि एका बंद लोखंडाला भ्याला. मी तसं त्याला बोलूनही दाखवलं.

"बोल, मावशी," तो म्हणाला. "तू बोल. पण पोरांना त्यात बसवू नको."

४

रिझवाना शिकलेली मुलगी. गाडी बंद ठेवली तशी तिनं एक वही केली. पोरांच्या फेरीसाठी तिनं भावाची रिक्षा मागून आणली होती, पण ती आठवड्याचीच बोली होती. व्हॅन अंगणातच होती. वहीत ती लिहायची, पाणी कधी दिसलं. रविवारी सकाळी ती वही तिनं मला दाखवली.

गुरुवार, सव्वाआठ. शुक्रवार, नऊ. शनिवार, पावणेदहा.

मी वही दोनदा वाचली. मग उठून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. खरं तर बघायची गरज नव्हती. गुरुवारी एकादशी होती, शुक्रवारी द्वादशी. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की तास निघतो. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. लहान असताना बापाबरोबर मिठागराच्या बांधावर मी या हिशोबानं उघाडी सांभाळली आहे. उघाडी म्हणजे बांधातली झडप. भरतीला उघडायची, पाणी आत घ्यायचं आणि झाकायची.

धरमतरला भरती आली की या गाडीत पाणी येत होतं. खाडी बांधाच्या पलीकडे होती आणि गाडी चिंचेखाली कोरड्या जमिनीवर.

मी भुताखेताला मानत नाही. मानायला मला कधी वेळच मिळाला नाही. म्हणून मी ठरवलं, याला काहीतरी साधं कारण असणार आणि ते मी कानानं शोधणार. रविवारी चतुर्दशी होती. साडेदहा वाजायला दहा मिनिटं असताना मी व्हॅनमध्ये बसले, सीट उचलली, सळई लावली. इंजिन चार दिवस बंद होतं. लोखंड तापलं-निवलं की टिकटिकतं, ते मला ठाऊक आहे. हे लोखंड गार होतं. उंदीर असता तर वास आला असता.

आधी काही नव्हतं. रिझवाना अंगणात तांदूळ पाखडत होती, सुपाचा आवाज सळईतून येत होता. मग खूप खालून, इंजिन आहे त्याच्याही खालून, पाणी सरकल्याचा आवाज आला. उघाडी उचलल्यावर पहिलं पाणी येतं तसा. भरत भरत वर आला आणि थांबला.

मग ठोके. एक, दोन, तीन.

लोखंडावरचे नव्हते ते. बोटाच्या सांध्यांनी काचेवर वाजवावं तसे होते.

थोडं थांबून पुन्हा तीन. पुन्हा तीन.

बार्जवर इंजिनाची खोली तळाला असते आणि वरून झाकण लावतात. वरच्यांनी खालच्याला आणि खालच्यानं वरच्यांना काही सांगायचं तर ठोके मारायचे, कारण ओरडलेलं ऐकू जात नाही. दोन ठोके म्हणजे थांब. तीन ठोके म्हणजे झाकण उघड.

क्षणभर मला केरूच आठवला, हे कबूल करते. पण केरू पाण्यात नाही गेला. तो घरात गेला, खाटेवर, माझा हात धरून. त्यामुळे हा केरू नव्हता. जो कोण होता, त्याचं माझ्याशी काही नातं नव्हतं.

मी नखानं सळईवर दोन ठोके मारले. थांब.

थांबलं.

सुपाचा आवाजही थांबला होता. रिझवाना हातातलं तसंच धरून माझ्याकडे बघत होती. "मावशी, तुझं लुगडं," ती म्हणाली.

काठ भिजला होता.

मी सळई काढली नाही. आवाज चढवून बोलले, कारण पुटपुटणं मला आवडत नाही. "हे बघ. मी तुला विकलं नाय आणि मी तुला बुडवलं नाय. ज्यानं विकलं त्याच्या दारात तुला नेईन. उद्या. तोवर या पोरीच्या गाडीत ठोकायचं नाय."

तीन ठोके आले नाहीत. एकच आला. बार्जवर एका ठोक्याला काही अर्थ नव्हता.

५

संध्याकाळी धनेशला फोन लावला.

"कोण? हां, आजी! बोला. गाडी काय म्हणते?"

"तूच सांग काय म्हणते. इंजिन कुणाचं?"

"अवो, इंजिन गाडीचंच. आणि कान तुम्हीच लावलात ना? सगळ्यांदेखत पास केलंत. कागदावर लिहिलंय, जशी हाय तशी. आता दोन महिन्यांनी खराब झालं तर माझा काय दोष?"

"खराब झालं असं मी म्हटलं का? कुणाचं, ते विचारलं."

"आजी, वय झालं. कान तपासून घ्या एकदा. रोह्याला चांगला डॉक्टर हाय, पत्ता देतो."

"वय झालंय म्हणूनच बारीक ऐकू येतं, बाळा. नंबर ठोकलेला हाय. त्याच्या खाली दुसरा हाय. छाप माझ्याजवळ हाय."

पलीकडे टीव्ही चालू होता. कुणीतरी त्याचा आवाज बंद केला.

दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"इंजिन काढलं ती खाडीतली गाडी रिकामी होती, आजी," धनेश म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण गोडवा गेला होता. "मी बघितलं होतं. काचेतून बघितलं होतं. आत कोण नव्हतं."

मी तर कुणाचं नावही काढलं नव्हतं.

"उद्या येते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

६

सोमवारी अमावास्या. शेजारणी म्हणाल्या, अमावास्येला कशाला गाडी काढतेस? आमची अमावास्या म्हणजे उधाणाचा दिवस, बांध राखायचा दिवस. त्या दिवशी आम्ही कधी घरात बसलेलो नाही. रिझवाना बरोबर यायला निघाली होती, तिला मी रिक्षावर पाठवली. पोरं वाट बघत असतात.

लायसन मी पन्नासाव्या वर्षी काढलं. साहेबानं विचारलं होतं, आजी, चिन्हं वाचता येतात का? मी म्हटलं, तुमच्या टेबलावरचं सगळं वाचून दाखवू का? आजवर एकदाही दंड बसलेला नाही.

साडेनऊला निघाले. इंजिन माझ्या खाली होतं. अशा व्हॅनमध्ये माणूस इंजिनावरच बसतो. ते नीट चालत होतं, पहिल्या दिवशीसारखं स्वच्छ. वडखळला तळवे गार झाले. खाली बघितलं तर चटई नुसती दमट होती. पाणी असं दिसत नव्हतं. नागोठण्याला घोटे गार झाले. बाहेर रस्त्यावर ऊन भाजत होतं, ट्रकवाले उघड्या अंगानं गाडी चालवत होते, आणि माझे पाय माघातल्या पहाटे मिठागरात उभं राहावं तसे बधिर झाले. ब्रेक दाबला तर पाण्यातून दाबल्यासारखा जड गेला.

"घाई करू नकोस," मी म्हटलं. "सव्वाअकराला अजून अवकाश हाय."

बोलले कुणाशी? तुम्ही विचाराल. मीही विचारलं स्वतःला. मग म्हटलं, शब्द दिलाय तर बोलायला काय हरकत आहे.

निडी स्टेशनच्या पुढे धनेशचं घर. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी व्हॅन त्याच्या अंगणात नेऊन उभी केली आणि हॉर्न दाबून धरला. शेजारची माणसं बाहेर आली. मला तेच हवं होतं.

धनेश आला. रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबडे.

"आजी, तमाशा नको."

"तमाशाच करायला आलेय. ऐका हो सगळे! दोन महिन्यांपूर्वी याच अंगणात मी या इंजिनाचा शब्द दिला होता. तो खोटा होता. चूक माझी, मी कबूल करते. आता यानं याची कबूल करायची."

कुणीतरी हसलं. "म्हातारी कडक हाय," एक बाई म्हणाली.

"कागदावर लिहिलंय..." धनेशनं सुरू केलं.

"कागद ठेव. सळई घे. तुझं इंजिन, तू ऐक. काय नसेल तर मी सगळ्यांदेखत तुझी माफी मागते आणि गाडी घेऊन जाते. पुन्हा तोंड दाखवणार नाय."

माणसं बघत होती. नाही कसं म्हणणार? त्यानं सळई घेतली. मी सीट उचलली. तो दारातून आत वाकला, सळई टेकवली आणि माझ्याकडे बघून जरा हसला. इंजिन बंद होतं. बंद इंजिनात काय ऐकायचं, असं त्याच्या तोंडावर होतं.

सव्वाअकरा झाले असतील. माझ्याकडे घड्याळ नव्हतं, पण गुडघ्यापर्यंत पाय गार झाले. मी तर तेव्हा गाडीबाहेर उभी होते, तापलेल्या मातीवर.

धनेशचं हसू गेलं.

तो ऐकत राहिला. मी त्याचं तोंड बघत होते. माणूस भितो तेव्हा कान मागे घेतो. त्यानं घेतला नाही. त्यानं तो आणखी दाबला. पितळ हाडाला रुतत होतं. त्याचे ओठ हलले आणि तो म्हणाला, "व्हय."

आईनं मागच्या दारातून हाक मारल्यावर पोरगं म्हणतं तसं. व्हय.

मग पुन्हा, जरा हळू, "व्हय. मीच."

हसणारी माणसं अंगणाच्या कडेला गेली.

मी मागे सरले. घाबरून नाही, त्याच्या हातातून सळई घ्यायला मला पलीकडून जायचं होतं म्हणून. तेव्हा गाडीची मागची काच दिसली. बाहेर चैत्राआधीचं ऊन, आणि काच आतून धुक्यानं भरलेली. त्या धुक्यात एकाच जागी कुणीतरी तळव्यानं पुसून गोल केला होता. बाहेर बघायला करतात तसा. तो गोल अगदी वर होता, छताला लागून. तिथं तोंड न्यायचं तर पाणी तिथवर यावं लागतं.

त्या गोलात काय होतं ते मी बघितलं नाही. बघता आलं असतं. मी नाही बघितलं. माझं काम ऐकायचं, आणि माझ्या वाट्याचं मी ऐकलं होतं.

मी धनेशच्या हातातून सळई काढून घेतली. हात सैल पडला, पण तो तसाच वाकून राहिला, कान पुढे करून.

"गाडी इथंच राहील," मी म्हटलं. "कागद तुझ्या नावावर करून घे."

त्यानं मान हलवली. मला की आणखी कुणाला, सांगता येणार नाही.

७

येताना रोहा-दिवा पॅसेंजर गाडीनं आले. लुगडं वाळल्यावर त्यावर गुडघ्याच्या उंचीला मिठाची पांढरी रेघ उठली, आडवी, सुतात धरलेली. ते लुगडं मी धुतलेलं नाही. कुणी खोटं म्हणालं तर दाखवीन.

धनेशनं आठवड्यात व्यवहार उलटा केला. एका शब्दानं खळखळ केली नाही. सही करायला पेणला आला तेव्हा रिझवाना म्हणाली, मावशी, तो माणूस पाय वर घेऊन बसला होता खुर्चीवर. तिनं नवीन व्हॅन बघितली, तीही जुनीच. मी ऐकली, चाटली आणि शब्द दिला. हो, आता नियम चार आहेत. मोहल्ल्यात काही बाया म्हणतात, गिरजाबाई इंजिन चाटते, म्हातारी चळली. चळू दे. अकरा पोरं पाय खाली सोडून बसतात, भांडतात, एकमेकांची दप्तरं तुडवतात. रिझवाना त्यांच्यावर ओरडते, ते मी माझ्या ओट्यावरून ऐकते आणि मला बरं वाटतं.

ती पांढरी व्हॅन धनेशच्या अंगणातच आहे. त्यानं ती विकली नाही, भंगारातही दिली नाही. निडीची माणसं सांगतात, अमावास्या-पुनवेला सव्वाअकराच्या सुमाराला तो शिफ्ट सोडून येतो आणि तिच्यात बसतो. काचा वर करून. कधी कधी बाहेरून त्याचं बोलणं ऐकू येतं. काय बोलतो ते मी कुणाला विचारलं नाही.

माझी सळई दाराशेजारी खिळ्याला असते. गेल्या पुनवेला सकाळी मी मासे साफ करत होते. तेव्हा दिसलं, सळईच्या खालच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. खाली जमिनीवर रुपयाएवढी ओल. मी तो बोटावर घेतला. चव घ्यायची गरज नव्हती, तरी घेतली.

मग नखानं सळईवर दोन ठोके मारले.

"शब्द पाळलाय मी," म्हटलं. "तुझा माणूस निडीला. पत्ता चुकलास."

सळई पुसली, टांगली, आणि पुन्हा माशांकडे वळले. उत्तर येतं का ते ऐकायला थांबले नाही. घाबरून नव्हे. मला कामं असतात.